‘त्या जातीला असतंच ते’

पत्राचा सारांश: घरात तीन वर्षांची पग (चपट्या नाकाच्या छोट्या जातीची कुत्री) आहे. (नाव बदलून आपण तिला ठमी म्हणू.) कागदपत्रं बघून घेतलेली, आईबाप दोघंही प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेले. ती घोरते ते शेजारच्या खोलीत ऐकू येतं, जिना चढली की दोन मिनिटं आडवी पडून धापा टाकते, आणि रात्री तोंडात मऊ खेळणं धरूनच झोपते. घरच्यांना या सगळ्याचं कौतुक, नातेवाइकांना तिचे व्हिडिओ जातात. मध्यंतरी लसीला नेलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी तिच्या नाकपुड्या पाहिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या: श्वासासाठी ऑपरेशनचा विचार करा आणि हिला पिल्लं होऊ देऊ नका. ब्रीडरचं, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याचं म्हणणं, “घाबरवतात उगाच. घोरणं त्या जातीला असतंच. रक्त शुद्ध आहे, एक वेत होऊ द्या, तब्येत आणखी सुधारेल.” चौदा वर्षांच्या मुलीला ठमीचंच एक पिल्लू हवंय. नवरा म्हणतो, आईपण नाकारणारे आपण कोण? पत्र लिहिणाऱ्या ताई विचारतात, “ऐकायचं कुणाचं? आणि आमचंच काही चुकलं का?”

ताई, तुमच्या पत्रात खेळण्याचा उल्लेख जाता जाता आलाय. कंसात, एक गंमत म्हणून. मी मात्र तिथंच थांबले, कारण दवाखान्यात ही ‘गंमत’ मला पुष्कळ जण सांगतात. कुणाची पग चेंडू तोंडात धरून झोपते, कुणाची सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकवून, मान वर करून, तर कुणाची चक्क बसल्या बसल्या पेंगते आणि डोकं खाली गेलं की दचकून उठते. चपट्या नाकाच्या कुत्र्याला झोप लागली की घशातले स्नायू सैल पडतात आणि आधीच अरुंद असलेली वाट मिटते. दातांमध्ये काहीतरी अडकवलेलं असलं की जबडा उघडा राहतो आणि तोंडातून हवा आत जाते. ठमीला हे कुणी शिकवलेलं नाही. झोपायचं आणि श्वासही चालू ठेवायचा यावर तिनं स्वतःच काढलेला हा तोडगा असण्याची शक्यता मला बरीच वाटते. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे यापुढे जे लिहीन ते याच मर्यादेत वाचा. पण तुमच्या नव्या डॉक्टरांनी नाकपुड्या पाहून जे सांगितलं ते घाबरवण्यासाठी नव्हतं, एवढं तुमच्याच पत्रावरून दिसतं.

आता ब्रीडरच्या त्या वाक्याकडे येऊ. ‘त्या जातीला असतंच ते.’ गंमत अशी की हे वाक्य खोटं नाही. पगमध्ये घोरणं सर्रास आढळतं. पण ‘सर्रास आढळतं’ म्हणजे ‘त्रास होत नाही’, ही उडी आपण कधी मारली ते आपल्यालाही कळत नाही. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या कुत्र्यांमध्ये श्वास अडण्याची स्पष्ट लक्षणं होती त्यांच्या मालकांना विचारलं, तर 58 टक्के मालक म्हणाले की आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही. ही प्रेम नसलेली माणसं नव्हती. घोरणं, धाप, व्यायामानंतर कोसळणं, सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. फक्त त्याला ‘जातीचा स्वभाव’ हे नाव दिलेलं होतं. त्याच कॉलेजच्या 2022 सालच्या अभ्यासात पगची इतर कुत्र्यांशी तुलना झाली, तेव्हा श्वसनमार्गाच्या अडथळ्याची शक्यता पगमध्ये सुमारे 54 पट आणि डोळ्यावर जखम होण्याची सुमारे 13 पट निघाली. आरोग्याच्या दृष्टीनं पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे होतं कशामुळे? पिढ्यान्‌पिढ्या तोंड आखूड होत गेलं, म्हणजे हाडं आखूड झाली. आतला मऊ भाग त्या प्रमाणात कमी झालाच नाही. मोठ्या पेटीतलं सामान लहान पेटीत कोंबावं तसं मऊ टाळू, जीभ, नाकातल्या पडद्यासारख्या घड्या, सगळं तेवढंच आणि जागा निम्मी. टाळूचं टोक श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतं, ते फडफडतं तोच घोरण्याचा आवाज. नाकपुड्या गोल असायच्या त्या स्वल्पविरामासारख्या चिरा होतात. चिमटलेल्या स्ट्रॉमधून दिवसभर ओढत राहिलं तर जे होईल ते इथं होतं: जोर लावून हवा ओढता ओढता घशाच्या आतल्या पेशी सुजतात, आणि काही वर्षांनी स्वरयंत्राचा सांगाडाच आत खचू लागतो. म्हणून हा त्रास वयाबरोबर वाढतो, आणि म्हणून डॉक्टर तिसऱ्या वर्षी बोलतात, आठव्या वर्षापर्यंत थांबत नाहीत.

यात उन्हाची भर. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घामेजत नाही, त्याचं शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होतं. जिची धापेचीच वाट बंद, तिला उकाडा जिवावर बेतू शकतो.

“रक्त शुद्ध आहे” हे ब्रीडरचं दुसरं आश्वासन. इथं थोडं मागं जाऊ, कारण या ‘शुद्ध’ शब्दाचा आपल्या मनावर फार पगडा आहे. पग ही जुनी जात, पण तिचा आजचा चेहरा जुना नाही. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं 1745 साली स्वतःचं चित्र काढलं, त्यात शेजारी त्याचा पग बसलाय. सुरकुत्या आहेत, काळपट तोंड आहे, पण नाक चांगलं पुढं आलेलं आहे. ठमीचा फोटो त्या चित्राशेजारी धरून बघा. दोघांत पावणेतीनशे वर्षं आहेत. उत्क्रांतीच्या हिशेबात हा डोळ्यांची उघडझाप होण्याइतका वेळ, पण माणूस ठरवून जोड्या लावायला लागला की तेवढा पुरतो.

खरा वेग आला एकोणिसाव्या शतकात. त्याआधीही माणूस कुत्री निवडतच होता, पण बहुतेक कामासाठी: मेंढ्या वळणारा, वास काढणारा, राखण करणारा. जो धापा टाकेल तो मेंढ्यांमागे धावूच शकणार नाही, म्हणजे कामच चाळणी लावत होतं. 1859 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आधुनिक पद्धतीचं कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब ही जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था निघाली, प्रत्येक जातीचं लेखी वर्णन ठरलं आणि वंशावळीची वही बंद झाली. वहीत ज्यांचे आईबाप आहेत त्यांचीच पिल्लं वहीत येणार. बुलडॉगचं उदाहरण बघा. बैलांवर कुत्री सोडण्याच्या खेळावर इंग्लंडमध्ये 1835 साली कायद्यानं बंदी आली, त्याचं काम संपलं, आणि मग उरला फक्त आकार. वर्णनात ‘तोंड आखूड’ लिहिलेलं असलं की परीक्षकाला जरा जास्त आखूड अधिक उठून दिसतं. पुढच्या वर्षी त्याहून जरा जास्त. कुणीही वाईट हेतूनं काही केलं नाही, आणि तरी पन्नास पिढ्यांनी नाक नाहीसं झालं.

बक्षीस मिळवलेल्या नराला मागणी फार. एकच ‘चॅम्पियन’ शेकडो पिल्लांचा बाप होतो आणि त्याच्यात लपलेला दोष जातभर पसरतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2008 साली वंशावळी तपासल्या, तेव्हा ब्रिटनमधल्या सुमारे 10,000 पगमधली आनुवंशिक विविधता जेमतेम 50 कुत्र्यांइतकीच भरली. पुढं 2021 मध्ये दोनशेहून अधिक जातींच्या जनुकीय तपासणीत अंतःप्रजननाची (नात्यातल्या नात्यात जोड्या लावण्याची) सरासरी 25 टक्क्यांच्या जवळ निघाली. सख्ख्या बहीणभावांच्या पिल्लांत जेवढी असते, तेवढी. तेव्हा ठमीच्या कागदांवर ‘शुद्ध’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘बाहेरचं कुणी आलेलं नाही’ एवढाच घ्या. निरोगीपणाचा तो दाखला नव्हे. खाण तशी माती म्हणतात ना, इथं खाणच चिंचोळी झालीय.

मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती पगची नसली तरी. डाल्मेशियनची. ठिपके सगळ्यांना माहीत असतात, पण एकेकाळी या जातीतल्या एकूण एक कुत्र्यात एका जनुकाचा दोष पक्का बसलेला होता. लघवीत युरिक ॲसिड फार, त्यातून खडे, आणि नरांमध्ये ते मूत्रमार्गात अडकून लघवी तुंबायची. जातीत निरोगी जनुक उरलंच नव्हतं, त्यामुळे आत कितीही काळजीपूर्वक जोड्या लावल्या तरी उपयोग शून्य. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशिकी-तज्ज्ञानं एक डाल्मेशियन आणि एक पॉइंटर या दुसऱ्या जातीचं कुत्रं अशी जोडी लावली. एकदाच. नंतर त्या पिल्लांच्या जोड्या पुन्हा पुन्हा डाल्मेशियनशीच. काही पिढ्यांनी दिसायला अस्सल ठिपकेवाले आणि लघवी साफ. पण वही सांभाळणाऱ्या अनेकांना ‘परकं रक्त’ मंजूर नव्हतं. अमेरिकन केनेल क्लबनं ही कुत्री कायमची स्वीकारायला 2011 साल उजाडलं. अडतीस वर्षं! खडे झालेल्या कुत्र्यांचं काय म्हणणं होतं, हे कुणी विचारलं नसावं.

कधीकधी तर आपल्याला आवडणारं रूप आणि आजार एकाच जागी असतात. शार पेई जातीच्या भरगच्च सुरकुत्या आणि तिला वारंवार येणारा ताप यांचा संबंध एकाच जनुकीय बदलाशी जोडला गेलाय. ऱ्होडेशियन रिजबॅकच्या पाठीवरचा उलट्या केसांचा पट्टा हीच तिची ओळख, आणि तोच बदल कातडीतून मणक्याकडे जाणाऱ्या, नळीसारख्या जन्मजात पुटीलाही वाट करून देतो. ज्या पिल्लांना पट्टा नसतो ती या दोषापासून बहुधा सुटतात, आणि ‘सदोष’ म्हणून बाजूला काढलीही जात ती.

तुमचे यजमान आईपणाविषयी बोलले, त्यात कळकळ आहे. पण हा आपला विचार आपण तिच्यावर चढवतोय. कुत्री माजावर येते तेव्हा शरीर तिला ढकलतं, एरवी ‘मला मूल झालं नाही’ अशी हुरहुर तिला लागल्याचं मानायला काही आधार नाही. एका वेतानं तब्येत सुधारते ही समजूत तर इतकी पक्की बसलीय की खोडून खोडून थकायला होतं. वैद्यकीयदृष्ट्या तिला आधार नाही. उलट जिला आत्ताच श्वास पुरत नाही तिच्या पोटात पिल्लं वाढली की ती छातीच्या पडद्यावर दाब देणार. चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लाचं डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद, त्यामुळे बाळंतपण अडण्याची भीती. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर या तीन जातींत 80 टक्क्यांहून अधिक वेळा सिझेरियन करावं लागल्याचं 2010 मध्ये नोंदलं गेलं. सिझेरियन म्हणजे भूल, आणि भूल उतरताना नेमका तोच अरुंद घसा. ‘नैसर्गिक’ म्हणताना हे सगळं डोळ्यांसमोर ठेवा. निसर्गावर सोडलं असतं तर हा चेहरा तयारच झाला नसता.

मुलीला काय सांगायचं? खरं तेच. चौदाव्या वर्षी कळतं सगळं. ठमीचं पिल्लू म्हणजे छोटी ठमी नव्हे. पण तिच्या नाकपुड्या आणि तिचा घसा मात्र पुढं जायची शक्यता दाट आहे. तुमची मुलगी रागावेल कदाचित, रडेलही. तिला एक काम द्या. ठमी गाढ झोपलेली असताना तिची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजून आठवडाभर वहीत लिहायचं. निवांत झोपेत हा आकडा साधारण 30 च्या आत असायला हवा. सोबत झोपेचा एक सलग व्हिडिओ काढायचा, मध्ये श्वास थांबतो का, ती दचकून उठते का, सगळं आवाजासकट. आजवर गंमत म्हणून काढलेले व्हिडिओही जपून ठेवा, डॉक्टरांच्या ते उपयोगी पडतील. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं घरच्यासारखं कधीच वागत नाही.

ऑपरेशनबद्दल घाई करा असं मी म्हणणार नाही, पण तपासणी पुढं ढकलू नका. केंब्रिज विद्यापीठानं बसवलेली एक साधी पद्धत आहे, केनेल क्लबच्या साथीनं ती 2019 पासून वापरात आली. शांत असताना स्टेथोस्कोपनं घशाचा आवाज ऐकायचा, तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, पुन्हा ऐकायचं, आणि 0 ते 3 अशी श्रेणी द्यायची. शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे गंभीर. तुमच्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा. श्रेणी दोन किंवा तीन आली तर नाकपुड्या रुंद करणं आणि लोंबणारा टाळू कापून आखूड करणं हे ऑपरेशन चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची सवय असलेल्या सर्जनकडूनच करून घ्या. बहुतेकांना त्यानं बराच आराम पडतो. कवटी मात्र तीच राहते, म्हणून ‘पूर्ण बरी होईल’ अशी हमी कुणी दिली तर सावध व्हा. आणि पिल्लं नकोत हे ठरलं तर नसबंदी त्याच भुलेत करता येईल का, हेही विचारा. गर्भाशयात पू होण्याचा धोका त्यानं टळतो आणि भूल एकदाच द्यावी लागते.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यात पहिलं वजन. ठमी ‘गुबगुबीत’ असेल (पत्रात तुम्ही तसं म्हटलंय) तर तोच आधी सोडवायचा प्रश्न. घशाभोवतीची चरबी वाट आणखी आवळते. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना सहज लागायला हव्यात. गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. फिरायला गारव्यात न्या आणि ती थांबली की तुम्हीही थांबा, ओढू नका. नाकावरच्या घडीत ओल राहू देऊ नका, पुसून कोरडी करा. डोळा मिटून धरला, लाल झाला किंवा पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. हिरड्या निळसर दिसल्या, ती कोसळली, धाप थांबेचना, तर पत्र लिहीत बसू नका. अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि निघा.

पुढं कधी दुसरं कुत्रं घ्यायचं झालं तर? शुद्ध जातीचं घेऊच नका, असं मी म्हणत नाही. सगळ्या जाती सारख्या अडचणीत नाहीत, आणि मिश्र जातीचं म्हणजे आजार नाहीच असंही नसतं. पण कागदांआधी पिल्लाची आई बघा. फोटोत नाही, समोर. तिला जरा पळवायला सांगा आणि मग डोळे मिटून तिचा श्वास ऐका. नाकपुड्या उघड्या आहेत का? तिची बाळंतपणं कशी झाली? त्या जातीत जे आजार ठाऊक आहेत, कुणाला खुब्याचा, कुणाला हृदयाच्या झडपेचा, कुणाला मणक्याचा, त्यांच्या तपासण्यांचे निकाल दाखवता का? चांगला ब्रीडर या प्रश्नांनी खूश होतो, हा माझा अनुभव आहे. असे लोक आहेत, आणि ते थोडं लांब नाक मुद्दाम जपतात. नेदरलँड्समध्ये तर नाकाची लांबी कवटीच्या किमान एक तृतीयांश असल्याशिवाय त्या कुत्र्याची पिल्लं काढू नयेत, असा निकष 2019 पासून लावायला सुरुवात झाली. नॉर्वेत कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएलची पैदास ज्या पद्धतीनं चालली होती ती प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसत नाही, असं 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. चुकलं का? गोल कपाळ, मोठे डोळे, बसकं नाक दिसलं की माणूस विरघळतो, कारण ते बाळाचं तोंड आहे. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञानं 1943 मध्येच हे मांडलं होतं. तुम्ही विरघळलात. मीही विरघळते, आणि मी तर दिवसभर त्याच नाकांच्या तक्रारी ऐकते. कागद बघून, विचारपूस करून कुत्रं घेतलंत, वेळेवर लसी दिल्यात, डॉक्टरांचं बोलणं टोचलं म्हणून मला लिहिलंत. यात मला निष्काळजीपणा दिसत नाही. ब्रीडरला मात्र एकदा फोन करा. भांडायला नको. ठमीच्या तपासणीची श्रेणी त्यांना कळवा आणि तिच्या भावंडांची काय अवस्था आहे ते विचारा. त्याच नरमादीची जोडी पुन्हा लावण्याआधी त्यांना हे ठाऊक असायला हवं.

ते खेळणं तूर्त तिच्याकडून काढून घेऊ नका. फक्त गिळलं जाईल इतकं लहान नाही ना, तेवढं आज रात्री बघून घ्या.